पालथा हात

मंजूषा व्हायोलिन शिकली ती मार खात. गुरू घरातच होते. तिचे वडील चंद्रहास डोंबिवलीत व्हायोलिनचा क्लास चालवायचे. सूर चुकला की थांबायचं, डावा हात पालथा पुढे करायचा, आणि बाबा केस झडलेल्या जुन्या गजाची काठी बोटांच्या पेरांवर हाणायचे. हात आपणहून पुढे करायचा, हा नियम. मागे घेतला तर दुप्पट. एकदा करंगळी फुटली, तेव्हा आई हळद लावत म्हणाली, "तुझ्या भल्यासाठीच मारतात गं." असलं भलं कुत्र्याच्याही वाट्याला येऊ नये!

पंधराव्या वर्षी तिने व्हायोलिन माळ्यावर टाकलं. शिकली, इंजिनियर झाली, चिपच्या यंत्रांची चाचणी करायला नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला आली. तिथे एका रविवारी सायकल लावता लावता शेजारच्या कॅफेतून व्हायोलिन ऐकू आलं. आत दहाबारा माणसं गोल उभी राहून ब्लूग्रास वाजवत होती. अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखातलं हे संगीत. बँजो, गिटार आणि व्हायोलिन, ज्याला ती मंडळी फिडल म्हणतात. सगळं कसं उधळलेल्या घोड्यासारखं. फिडलवाली आजीबाई मध्येच सपशेल चुकली. मंजूषाला वाटलं, आता हिला मारणार! आजीबाई खो-खो हसली आणि वाजवत राहिली. मंजूषा कॅफेच्या टॉयलेटमध्ये जाऊन ढसाढसा रडली, आणि पुढच्याच महिन्यात तिने फिडल घेतलं.

त्या गोलात ती वाढली म्हणा ना. उभं राहून, पायाने ठेका धरत, चुकत, हसत. तिची मुलगी संहिता नऊ वर्षांची झाली तेव्हा तीही छोटं फिडल घेऊन आईशेजारी उभी राहू लागली.

यंदा आई गेली आणि बाबा तीन महिन्यांसाठी राहायला आले. सामानात ती काठीही आली. बुधवारी शाळा लवकर सुटते, मंजूषा ऑफिसात असते. "मी बसवतो नातीला रियाजाला," बाबा म्हणाले.

"बाबा, पण मारायचं नाही हां."

"वेडी का तू? आता कुठे ताकद राहिलीय?"

तिने विश्वास ठेवला. नुकतीच बायको गेलेला म्हातारा माणूस, दुसरं काय करणार?

मग तो रविवार. गोलात बँजोवाला व्हिम ज्याच्याकडे बघून मान हलवतो, त्याने पुढे होऊन एकट्याने वाजवायचं. आज व्हिमने संहिताकडे बघून मान हलवली. ती पुढे झाली, झकास वाजवू लागली आणि एका जागी घसरली. ती थांबली. फिडल काखेत धरलं, डोळे घट्ट मिटले आणि डावा हात पालथा व्हिमसमोर धरला.

व्हिमला वाटलं, ही गंमत. त्याने वाकून त्या बोटांवर ओठ टेकवले. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मंजूषाला त्या बोटांवरचे निळे वळ दिसले. सायकलवरून पडले, असं पोरीने सांगितलं होतं.

घरी बाबा चहा पीत बसले होते. मंजूषाने कपाटावरची काठी काढली.

"हात पुढे करा."

"मंजू, अगं, थोडा धाक लागतोच..."

"हात!"

म्हाताऱ्याचा डावा हात टेबलावर आला. आपोआप, पालथा. बोटं कधीकाळी मोडून वाकडी झालेली. ती जन्मतःच तशी आहेत, असं तिला लहानपणी सांगितलं होतं. आत्ता तिला कळलं की तेही असेच शिकले होते. कळलं, आणि तरीही तिने मारलं. आईच्या हळदीसाठी, पोरीच्या वळांसाठी, स्वतःच्या करंगळीसाठी मारलं. कातडी फाटली, कप कलंडला, चहात रक्त मिसळलं. बाबांनी हात मागे घेतला नाही. "मागे घेतला तर दुप्पट," ते पुटपुटले, आणि ते तिच्याशी बोलत नव्हते.

"आई, स्टॉप!"

दारात संहिता उभी होती, भिंतीला चिकटून. मंजूषा धावत तिच्याकडे गेली. पोरीला उचलायचं, छातीशी धरायचं, आता कोणीही मारणार नाही असं सांगायचं, एवढंच तिच्या मनात होतं. काठी मुठीत तशीच राहिली होती, याचं तिला भानच नव्हतं.

संहिताने तिच्याकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं. मग डोळे घट्ट मिटले आणि डावा हात पालथा पुढे केला.