पत्त्यांतले जोडीदार मिकेलकाका

मिकेलकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीत, आईच्या स्वयंपाकघरात गरम भाकरी खात होतो. अमेरिकेतल्या बॉयसीहून त्यांच्या क्लबच्या सेक्रेटरीबाई बोलत होत्या. झोपेतच गेले म्हणाल्या. घास तोंडातच राहिला... त्या दिवशी मी सांगलीत होतो, तोही त्यांच्यामुळेच.

मिकेलकाका बास्क. स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवरचा डोंगराळ मुलूख त्यांचा. विशीत अमेरिकेत, आयडाहोत मेंढ्या राखायला आले आणि तिथलेच झाले. बॉयसीत त्यांच्या लोकांचा जुना क्लब आहे. बास्क मुलखाचं सरकार परदेशातल्या अशा क्लबांना धरून असतं. नाच शिकवायला मास्तर पाठवतं, थोडीफार मदत करतं. आणि देशोदेशीच्या क्लबांतल्या पत्त्यांच्या विजेत्या जोड्या दरवर्षी एका ठिकाणी जमतात. आमच्या तिथल्या मराठी मंडळाची गाडी गणपती-दिवाळीच्या पुढे जात नाही, त्यामुळे मला याचा भारी हेवा वाटायचा.

बॉयसीत आम्ही शेजारी. त्यांनीच मला पत्त्यांना बसवलं. खेळाचं नाव मुस. चौघं, समोरासमोर जोडीदार, आणि गंमत म्हणजे यात जोडीदाराला उघड खुणा करायच्या असतात. दोन राजे आले की खालचा ओठ चावायचा. मेंढीकोटात खुणा केल्या म्हणून मामाचे धपाटे खाल्लेला मी, ढिम्म बसून राहायचो. काका वैतागायचे. "अरे, हा चेहरा आहे की भिंत? खूण कर! फक्त खोटी करू नकोस. खोटी चालत नाही."

हळूहळू मी ओठ चावायला शिकलो आणि एका वर्षी चक्क आमची जोडी क्लबात पहिली आली. त्या वर्षीचे सामने नेमके त्यांच्या मुलखात होते. गाव सोडल्यापासून काका परत गेले नव्हते. लहान पोरासारखे हरखले. आणि मी? अकरा सप्टेंबरनंतर व्हिसाची कटकट वाढलेली, पासपोर्टवरचा शिक्का संपलेला, ग्रीन कार्ड अडकलेलं. बाहेर पडलो तर परत येता येईल याची खात्री नाही. याच धास्तीपायी मी कित्येक वर्षं आईलाही भेटलो नव्हतो. काकांना म्हटलं, "ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, सुटी मिळत नाही."

त्यांनी लगेच ओळखलं. "व्हिसा ना?"

दुसऱ्या जोडीदाराबरोबर जायला ते तयारच होईनात. मीच हट्टानं धाडलं.

आले ते पहिल्याच फेरीत हरून. त्याचं त्यांना काही नव्हतं. आमच्या किचनमध्ये चहा घेताना म्हणाले, "घर आहे. बहीण आहे. आईच्या खोलीत आता सायकली ठेवतात..." मग कप खाली ठेवून सांगितलं. त्यांची आई गेली तेव्हा ते मेंढ्यांबरोबर डोंगरात होते. बातमी पोचेपर्यंत बर्फ वितळायला लागलं होतं. "कागद होतील रे कधीतरी. तुझी आई आहे तोवर जाऊन ये."

लॉयर नको म्हणत असताना मी तिकीट काढलं. एअरपोर्टवर काकांनीच सोडलं. व्हिसाचा शिक्का मुंबईतल्या अमेरिकी वकिलातीत बिनबोभाट मिळाला, इतकी वर्षं मी उगाच घाबरलो होतो. तेही त्यांना सांगायचं राहिलं.

फोन ठेवल्यावर आईला हे सगळं सांगितलं. संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाल्यावर तिनं विचारलं, "त्यांच्या आईचं नाव काय रे?"

मला माहीत नव्हतं.

"असू दे," आई म्हणाली. "आता भेटली असेल त्यांना."