काढून टाकलेला श्वास

डाव्या कानात शिट्टी सुरू झाली तेव्हा मला वाटलं, रेकॉर्डिंगच्या मशीनमध्येच बिघाड आहे. दोन दिवस वायरी बदलत बसलो. मग हेडफोन काढला तरी ती वाजतच होती, आणि माझं धाबं दणाणलं. आदिलाबादच्या बाजारातला कापूस गोणपाटात ठासून मी स्टुडिओच्या भिंती मढवल्या, गाण्यातून पंख्याची घरघर उचलून टाकायची रीत शोधली. सगळा रुबाब या कानांच्या जोरावर होता. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, नस कमजोर झालीय, औषध नाही. मी कोणाजवळ बोललो नाही. घरी आई सकाळी वंदना म्हणायची आणि मी चिडून दार लावून घ्यायचो.

त्याच दिवसांत बोथ गावच्या एक निवृत्त शिक्षिका बुद्धवंदना रेकॉर्ड करून गेल्या. त्यांचा घसा बसत चालला होता, म्हणून बुद्धपौर्णिमेला विहारात त्यांच्याऐवजी ते रेकॉर्डिंग लावायचं होतं. कानावर भरवसा नव्हता, म्हणून मी पडद्यावरच्या रेघा बघून आवाज साफ केला. जिथे रेघ बारीक दिसली ते सगळं कापलं आणि मूळ रेकॉर्डिंग पुसूनही टाकलं.

पौर्णिमेला चार दिवस उरले असताना बाई परत आल्या. "भाऊ, यात माहा श्वासच नाई," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "लोकं माह्या श्वासावर पुढची ओळ उचलतात. काल विहारात लावून पाह्यलं, कोनालेच मेळ बसला नाई. काऊन काढला?"

वाद घालायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. "बाई, मले नीट ऐकू येऊन नाई राह्यलं." आईपासून लपवलेलं मी या अनोळखी बाईला सांगून बसलो होतो.

त्यांनी टेबलावरचा हेडफोन बाजूला सारला. "मंग विहारात ये. एक डाव म्हनाइतका आवाज हाय माह्याजवळ. हे कानाले लावू नको, लोकांत बसून म्हन."

दुसऱ्या दिवशी मी माईक लोकांच्या मधोमध ठेवला, हेडफोन पिशवीतच राहू दिला आणि शाळा सोडल्यापासून पहिल्यांदा हात जोडले. शरण जातो, हे तीनदा म्हणायचं असतं. तिसऱ्या वेळेआधी बाईंनी श्वास घेतला, त्यांच्यामागे सगळ्या विहारानं घेतला, आणि मीही घेतला. तेव्हा शिट्टी नव्हती. किंवा असेल, मला तिची आठवण नव्हती.

पौर्णिमेला हे नवं रेकॉर्डिंग लागलं आणि लोकांनी बरोबर उचललं. शिट्टी आजही आहे. शंका आली की मी हेडफोन दुसऱ्याच्या हाती देऊन विचारतो, आणि त्यात कमीपणा वाटत नाही. हे बाईंचे उपकार. आईलाही सगळं सांगितलं. आता ती सकाळी वंदनेला बसते तेव्हा दार उघडं असतं. ती श्वास घेते, मी उचलतो.