हलकी गाडी आणि व्याह्यांची बैठक

गाडीने चटकन वेग घ्यावा असं वाटत असेल तर तिच्यातलं अनावश्यक वजन काढून टाकावं, हे मी मोबाईलवर पाहून शिकलो. अनावश्यक कशाला म्हणायचं, हे त्या व्हिडिओत नव्हतं.

मी जव्हारला राहतो, सासुरवाडी खोडाळ्याची. धाकट्या मेहुणीचं, सुनंदाचं लग्न होतं. लग्न लागल्यावर तिला जामसरला सासरी कुणाच्या गाडीतून न्यायचं, यावरून माझी आणि साडू जयरामची आदल्या दिवशीच जुंपली. माझी नवीकोरी इलेक्ट्रिक सेडान, त्याची प्रवासी वाहणारी डिझेल जीप. (गाडी निमित्त हो! दोन जावयांत मान कुणाचा मोठा, हा खरा प्रश्न.)

"साडू, तुमच्या गाडीचा आवाजच येत नाय. नवरी निघाली ते गावाला कळणार कसं?" जयराम म्हणाला.

"वेगावरून कळेल!" मी बोलून बसलो.

सासरे, म्हणजे आमचे मामा, वैतागले. "सकाळी गावाबाहेर सरळ रस्त्याला पळवा दोघं. पुढं जाईल तिच्यात नवरी. आता मला मांडव घालू द्या!"

मी लगेच शास्त्राला लागलो. बॅटरी भरलेली हवी, म्हणून गाडी स्वयंपाकघरातल्या प्लगला लावली. (मिक्सर बंद! सासूबाईंनी लग्नाचं सगळं वाटण पाट्यावर वाटलं आणि खोबऱ्याच्या प्रत्येक तुकड्यागणिक माझा उद्धार केला.) टायरला पकड हवी, म्हणून सकाळी खराटा घेऊन रस्त्यावरची खडी झाडली. जाणाऱ्या बाया कौतुकाने थांबल्या.

"जावई गुणाचा गं! वऱ्हाडासाठी रस्ता झाडतोय!"

राहिलं वजन. स्टेपनी काढली, जॅक काढला, पायपुसणी काढली. मागच्या सीटची गादी दोन हिसक्यांत निघाली, पाठ पान्याने खोलली. सगळं मांडवात नेऊन ठेवलं.

"गाडी सोलताय काय जावईबुवा?" मामांनी विचारलं.

माझी बायको मंजुळा दारातूनच म्हणाली, "अहो, सगळ्यात जड वस्तू राहिली की!"

"कुठली?"

"तुमचं पोट!"

गावाबाहेर दोन्ही गाड्या शेजारी लावल्या आणि मामांनी टॉवेल खाली टाकला. जीप गुरगुरली, भसाभस धूर ओकली. मी नुसतं पेडल दाबलं आणि गाडी अशी सुटली, की माझी मान मागे आणि किंकाळी पुढे! जयरामने दुसरा गियर टाकेपर्यंत मी वळणावर पोचलोसुद्धा. जिंकलो! मला तर नाचावंसं वाटत होतं.

"मानलं साडू," जयराम मोठ्या मनाने म्हणाला. "नवरी तुमची!" (मंजुळा लांब होती, नशीब.)

परतलो तो वऱ्हाड दारात. मामांनी माझ्या हातात भाताचं घमेलं दिलं आणि त्या गडबडीत सीट पार विसरलो. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, पाठवणीची वेळ झाली. सुनंदाने डोळे पुसत माझ्या गाडीचं मागचं दार उघडलं आणि रडायची थांबली.

"दाजी, आम्ही दोघांनी बसायचं कुठं?"

वाकून पाहिलं. आत नुसता पत्रा!

मी मांडवात धावलो. कुणीतरी माझ्या सीटची पाठ खांबाला टेकवून, पुढे गादी मांडून, वर चादर घातली होती. आणि त्यावर आमचे व्याही, नवरदेवाचे वडील, पान चघळत ऐसपैस रेलले होते.

"मामा, त्यांना उठवा ना!"

"व्याह्याला उठवू? लग्नाच्या दिवशी? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

शेवटी मीच हात जोडून पुढे झालो. "पावणं, ही बैठक..."

"फर्मास हाय!" व्याह्यांनी गादीवर थाप मारली. "आंदणातली ना?"

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "हो तर! तुमचीच!"

नवरी जीपमधून गेली. सीट टेम्पोतून गेली, कपाटाच्या शेजारी. मागून माझी रिकामी गाडी. इतकी हलकी, की सारखा ब्रेक दाबावा लागत होता.

दिवाळीत आम्ही दोघं जामसरला सुनंदाकडे गेलो. व्याह्यांनी अगदी आपुलकीने स्वागत केलं, ओटीवरच्या मानाच्या जागी बसवलं आणि म्हणाले, "बसा आरामात, आपलंच समजा!"




मी समजलो. आयुष्यात पहिल्यांदाच मी माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर बसलो होतो, आणि गाडी बाहेर अंगणात उभी होती.