नावापुढचं वाक्य

रामचंद्रबाबांच्या आवाजाला कधी माइक लागला नाही. कोरगावच्या जत्रेतल्या नाटकात ते राजा होऊन उभे राहिले की पार कडेच्या खाजेवालीचा तराजू हातातल्या हातात थांबायचा. पुढे गुडघे गेले, राजवस्त्रं पेटीत गेली, आणि उरलेला आवाज त्यांनी डिचोलीच्या मायओंजळ न्यासाला देऊन टाकला. अगदी फुकट.

न्यास तसा भला होता. बाप गेलेल्या घरातल्या मुलांना वह्या-पुस्तकं, औषधपाणी, फोंड्याला मुलींसाठी वसतिगृह. वर्षातून एकदा सोहळा व्हायचा. दाते पुढच्या रांगेत बसायचे, मुलं एकेक करून मंचावर यायची आणि रामचंद्रबाब त्यांची नावं पुकारायचे. आधीचा माणूस रेशनची यादी वाचावी तशी वाचायचा. यांनी नावापुढे एक-दोन वाक्यं जोडायला सुरुवात केली. आई काय करते, घरात चूल कशी पेटते. आधी अर्धा श्वास थांबायचं, मग आवाज खाली आणायचा. पुढच्या रांगेतल्या बायकांचे रुमाल बाहेर यायचे आणि दात्यांचा हात सैल सुटायचा.

"नुसतं नाव वाचलंस तर ती हजेरी," ते श्रीनाथला सांगायचे. "वाक्य जोडलंस की प्रवेश उभा राहतो."

श्रीनाथ विमा एजंट, सोहळ्यात त्यांचा मदतनीस. आठ वर्षं तो त्यांच्या शेजारी बसून वहीत सगळं टिपून घेत होता.

यात रामचंद्रबाबांचा स्वार्थ नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. त्यांनी पुकारलेली पोरं पुढे नर्स झाली, वायरमन झाली. रस्त्यात भेटली की यांची छाती राजाच्या चिलखताएवढी व्हायची.

यंदा यादीत त्यांची नात होती. सेजल. तिला फोंड्याला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. कोरगावहून फोंडा म्हणजे जाताना तीन बस, येताना तीन. वसतिगृहात खोली मिळाली तर शिक्षण, नाहीतर आईबरोबर हरमलच्या गेस्ट हाऊसमधल्या चादरी धुवायच्या.

तिची आई सुविधा, म्हणजे रामचंद्रबाबांची लेक, दुपारी बांगडे साफ करता करता म्हणाली, "बाबा, खोली मिळू दे. पण माझ्या घराची कथा माइकवर नको."

"अगे, मी काय वाईट सांगणार? माझीच नात ती."

"तू चांगलंच सांगशील. म्हणून तर भीती वाटते. इतक्या पोरांच्या घरांची दारं तू लोकांना उघडून दाखवलीस. त्यांच्या आयांची तोंडं बघितलीस कधी?"

"दिवे डोळ्यांवर असले की समोरचं दिसत नाही गो," म्हणत त्यांनी चपला पायात घातल्या.

ते न्यासाच्या चिटणिसाकडे, मधुकरकडे गेले. "सेजलचं नुसतं नाव वाचतो."

"तुमची मर्जी, बाब. पण खोल्या चार आणि मुली सात. वसतिगृहाचा खर्च देणारे शेटी मंचावर बसूनच ठरवणार. त्यांच्या मनात भरेल ती मुलगी जाणार. मग मला बोल लावू नका."

सोहळ्याच्या दिवशी सेजलची पाळी येईपर्यंत तिघींच्या नावांवर खुणा झाल्या होत्या. एकच खोली उरली होती. रामचंद्रबाबांनी पुकारलं, "सेजल गौरेश परब, कोरगाव." आणि ते थांबले.

सेजल मंचावर येऊन उभी राहिली. शेटी कार्यक्रमपत्रिकेनं वारा घेत पुढचं नाव शोधू लागले.

श्रीनाथला वाटलं, म्हाताऱ्याचा कंठ दाटला. सांभाळून घ्यायच्या मायेनंच त्यानं पुढे होऊन माइक घेतला. अर्धा श्वास थांबला. आवाज खाली आणला.

"मंडळी, रामचंद्रबाबांना पुढे बोलवेना. ही त्यांचीच नात. दुसऱ्यांच्या लेकरांसाठी ज्यांनी झोळी पसरली, त्यांच्याच दारात ही वेळ आली. बाप दारूपायी गेला. या पोरीनं बापाचं बोट धरलं, ते चालायला शिकण्यासाठी नव्हे, झोकांड्या खाणाऱ्या बापाला सावरण्यासाठी!"

गौरेश काविळीनं गेला होता, सेजल तीन वर्षांची असताना. काजूच्या हंगामात हुर्राक दारूचा नुसता वास आला तरी तो नाक मुरडायचा.

श्रीनाथनं हे आणलं कुठून, असा प्रश्न रामचंद्रबाबांना पडलाच नाही. वाक्य त्यांचंच होतं. कधीकाळी मुळगावच्या एका पोरासाठी त्यांनी ते रचलं होतं. अर्जात बापाच्या मृत्यूचं कारण 'आजारपण' एवढंच होतं, आणि आजारपणाला रुमाल निघत नाहीत. म्हणून यांनी त्यात दारू घातली. प्रवेश रंगला. मग आणखी दोघातिघांना तेच लावलं. त्यांच्या बापांबद्दल खरं काय ते यांनी कधी विचारलं नव्हतं.

त्यांनी छाती भरून श्वास घेतला. 'खोटं' एवढा एकच शब्द, आणि तो शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला असता. तेवढ्यात शेटींनी चष्मा काढला, डोळे टिपले आणि मधुकरला खूण केली. मधुकरचं पेन यादीवर टेकलं.

श्वास नाकानं हळूच बाहेर गेला. टाळ्या पडल्या. त्यात रामचंद्रबाबांच्याही होत्या.

श्रीनाथ पाया पडला. "चुकलं काही, बाब?"

"नाही रे. पाठ चोख होतं."

पेडण्याच्या बसमध्ये सुविधा पुढे एका अनोळखी बाईशेजारी जाऊन बसली होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही. सेजल आजोबांजवळ बसली, मांडीवर खोलीचं पत्र.

"आजो, पपा पीत होते?"

"नाही गो! थेंब नाही. कावीळ झाली होती त्याला."

"आईपण तेच सांगते. कावीळ." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "दारूनंपण कावीळ होते ना?"

"अगे, मी सांगतो ना! श्रीनाथ उगाच काहीतरी बोलला."

"मग तू टाळ्या का वाजवल्यास?"

रामचंद्रबाबांनी तिच्या मांडीवरच्या पत्राकडे पाहिलं.

सेजलनं पत्राची घडी केली, पिशवीत ठेवली आणि ती उठून आईकडे गेली. तिथं बसायला जागा नव्हती. आईच्या आसनाची दांडी धरून ती पेडण्यापर्यंत उभीच राहिली.