माझ्या ओटीतला हिरवा खण

ताई गेल्याचं कळलं तेव्हा मी मळ्यात मोगरा तोडत होते. नातू दवाखान्यातून आला, बांधावर उभा राहिला आणि म्हणाला, "आजी, ताईआजी..." पुढचं त्याला बोलावंच लागलं नाही. ओच्यातली फुलं तिथंच सांडली. महिना होत आला, पण अजून सकाळी चहाला दोघींचं पाणी ठेवते आणि मग स्वतःवरच चिडते.

सुशीलाताई माझी नणंद. अमरावतीत राजापेठेमागे आमचा मळा. फुलं-भाजी विकणाऱ्या घरातली ही मुलगी बी.ए. झाली आणि समाजकार्य शिकायला मुंबईला गेली. वऱ्हाडचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले, आणि असलं काही शिक्षण असतं हे इकडे कोणाच्या गावीही नव्हतं. सासरे म्हणायचे, "लोकायची सेवा कराले कालेज कायले पाह्यजे?" ताई हसायची आणि पुस्तकात डोकं घालायची. मी नवी सून, चुलीपाशी धूर खात बसलेली. माझा जीव जळायचा, खोटं कशाला बोलू.

शेवटच्या वर्षी तिला अकोल्याच्या एका महिलाश्रमात प्रत्यक्ष कामाला पाठवलं. माझं माहेर अकोल्याचं. माहेरपण आटोपून मी अमरावतीला निघाले होते. आईनं भरलेली ओटी पदरात, तिच्यात नवा हिरवा खण. जाता जाता ताईला डबा द्यावा म्हणून आश्रमात शिरले, तर दारात बैलांची दमणी उभी आणि अंगणात माणसं. बार्शीटाकळीचा एक म्हातारा आपल्या मुलाला घेऊन पळून आलेली सून न्यायला आला होता. सून म्हणजे गिरजा. कोवळी पोर, चटके दिलेला हात पदराखाली लपवून खांबाला टेकलेली. आश्रमाचे चिटणीस नुसते घाम पुसत होते. आणि खुर्चीवर बसले होते मुंबईहून ताईचं काम तपासायला आलेले मास्तर. ताईनंच मला सांगितलं होतं, त्यांचा एक नियम फार कडक... समोरच्याचं दुःख ऐकायचं, वाट दाखवायची, पण त्याच्याशी नातं लावायचं नाही. लावलं की नापास.

"आमची सून आमाले द्या," म्हातारा म्हणाला. "तिले ना माय, ना बाप. माहेर असतं तं तिकडंच गेली नसती काय?"

चिटणीस पुटपुटले, "खरं आहे. आम्हाला कोणाला अडवता येत नाही." तेवढ्यात नवऱ्यानं पुढं होऊन गिरजाचं मनगट धरलं. ती रडली नाही, ओरडली नाही, खांब मात्र सोडेना. ताईनं एकदा मास्तरांकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळली.

"वहिनी, हिची ओटी भरा."

"कशानं?"

"तुमच्या ओटीत हाय त्यानं."

माझ्या आईनं दिलेला खण! असा संताप आला, की डबा तिथंच आपटून निघून जावं. पण मग तो हात दिसला. गिरजाला कुंकू लावलं आणि तांदूळ, नारळ, खण तिच्या पदरात टाकले. अर्धे तांदूळ खालीच सांडले. ताई म्हाताऱ्याला म्हणाली, "आता हे आमच्या घरची लेक झाली. माहेर राजापेठेत. न्याची असन तं तिथं या, माया भाऊ पाठवणी करन." म्हातारा त्या ओटीकडे पाहत राहिला. भरल्या ओटीच्या बाईला ओढत नेणं त्यालाही जड गेलं असावं. "सोड तिले," तो मुलाला म्हणाला. "पाहू राजापेठेत."

मास्तरांनी नियमाप्रमाणे केलं. ताईला ते सगळं वर्ष पुन्हा काढावं लागलं. गिरजाचे सासरचे पुढे राजापेठेत आले, आमच्या ह्यांनी पाठवणी करायला साफ नकार दिला, मग फिरकले नाहीत. गिरजा अकोल्याला नर्स झाली. दर आखाजीला, अक्षय्यतृतीयेच्या माहेरपणाला, ताई तिला आणायला घरातला माणूस मुराळी म्हणून पाठवायची. त्या दोघी ताईच्या खोलीत बाजेला बाज लावून पडायच्या आणि मला आतून नुसतं हसणं ऐकू यायचं.

परवा गिरजाचा निरोप आला... "ताई नाही, तर यंदा कोणाकडं येऊ?" डोकं सणकलं माझं. ताईच्या खोलीतल्या दोन्ही बाजा मी झाडून टाकल्यात. कोनाड्यात नारळ आणि हिरवा खण ठेवलाय. नातवाला मुराळी म्हणून अकोल्याला धाडलं आणि बजावलं, "सांग तिले, ओटी म्या भरली होती."