नानांना ऐकू येणारं डावं चाक

या सदरातले अनुभव वाचून मी आजवर फक्त हसत आलोय. बायको वाचते, घाबरते आणि मग पाणी प्यायला स्वयंपाकघरात जाताना मला सोबत नेते. माझा आणि अमानवीय गोष्टींचा संबंध एवढाच! आमचा धंदा लोखंडाचा आणि तांब्याच्या तारेचा. वस्तू बिघडते, कारण सापडतं, वस्तू दुरुस्त होते… यापलीकडे मी काही मानत नाही.

तरी लिहितोय, कारण एक गोष्ट मला अजून उलगडलेली नाही. तिच्यात भूत नाही, अमावास्या नाही, पिंपळ नाही. एक सेकंडहँड गाडी, तिचं पुढचं डावं चाक आणि माझे ठार बहिरे वडील, बस. पण आजही सांगायला बसलो की माझा आवाज चढतो. तेव्हा सांभाळून घ्या.

ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. आम्ही जुन्या जळगावात राहायचो. मूळचे पारोळ्याकडचे, म्हणून घरात अहिराणी. माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. केळीच्या मळ्यांवरचे पंप दुरुस्तीला यायचे. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू मोटरीला आणि मूठ कानाला लावली की कुठलं बेअरिंग गेलंय ते मी सांगायचो. चुकायचो नाही! कानांचा मला भारी तोरा होता.

आणि माझे वडील, नाना… दिव्याखाली अंधार! आयुष्यभर कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रांशेजारी उभे राहिले आणि त्या धडधडाटात कान गेले ते गेलेच. धुळ्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की नस मेली आहे, मशीन लावूनही उपयोग नाही. दिवाळीत ओट्यावर लवंगी माळ लावली तरी नाना आत शांतपणे पेपर वाचायचे. माझी धाकटी बहीण शोभा तेव्हा शाळेत होती. तिचा आवाज नानांच्या लक्षात राहिला तो तेवढा, लहानपणचा. पुढे ती ओठ मोठे हलवून बोलायची आणि तिचं बोलणं नानांना बरोबर समजायचं. बाकी आम्ही सगळे हातवाऱ्यांवर.

शोभाचं लग्न साक्रीला ठरलं आणि मी गाडी घेतली. पांढरी, गिअर स्टिअरिंगला, आधीच्या मालकाने जपलेली. बहिणीला माझ्या स्वतःच्या गाडीतून, स्वतः चालवत सासरी सोडायचं, हा माझा हट्ट होता. पहिल्यांदा गाडी गल्लीत वळवली तेव्हा माझी छाती ही एवढी फुगलेली!

नाना ओट्यावर डोळे मिटून बसले होते. ते दचकून उठले.

"काय वाजस रे ते?"

मला वाटलं, कौतुकाने विचारतायत. मी हात जोडून हसलो. तर ते खाली उतरले, पुढच्या डाव्या चाकापाशी वाकले आणि म्हणाले, "अठे. ठक करस. तुले ऐकू येत नही का?"

आम्ही पोट धरून हसलो हो! बहिरा माणूस मोटरवाल्याला विचारतोय, ऐकू येत नाही का!

पण दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मी दुकानातून कधीही येवो, गाडी गल्लीतल्या खड्ड्यातून उतरली की नाना आतल्या खोलीतून बाहेर. मी खिडकीबाहेर मुंडकं काढून गाडी चालवली, शेजाऱ्याला चालवायला देऊन मी बाजूने पळत गेलो… काही नाही. इतकी मुकी गाडी मी पाहिली नव्हती.

मग माझ्यातला कारागीर जागा झाला. म्हटलं, जमिनीचा हादरा पायांना कळत असेल. नानांना झोपाळ्यावर बसवलं, पाय वर घ्यायला लावले, डोळ्यांना उपरणं बांधलं. शोभाने त्यांना आधीच समजावलं होतं की आवाज आला की हात वर करा. बाहेर गल्लीत मी एक लाकडी फळी टाकली. इंजिन बंद. मी आणि शेजारी गाडी हाताने ढकलत होतो.

उजवं चाक फळीवरून उतरलं. आतून काही नाही.

डावं चाक उतरलं… आणि दारात उभी राहिलेली शोभा ओरडली, "हात वर केला!"

पुन्हा उजवं. नाही. पुन्हा डावं. हात वर! मी फसवायला नुसतं ढकलल्यासारखं केलं आणि गाडी जागेवरच ठेवली, तर हात मांडीवर. शेजाऱ्याची जीप आणून त्याच फळीवरून नेली, तिचा हॉर्न दारात दाबून धरला, सगळी गल्ली गोळा झाली. नाना आपले झोके घेतायत! पुन्हा आमची गाडी, डावं चाक… हात वर. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. भीतीने नाही, आनंदाने म्हणा, नाहीतर वेडाने म्हणा. मी त्या दिवशी दुकान उघडलंच नाही.

गाडी बाबूमिस्त्रीकडे नेली. हा माणूस म्हणजे तोंडाचा फटाका. जॅक लावला, चाक दोन्ही हातांनी हलवून पाहिलं, टामीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, सगळे जोड उचकून पाहिले. कुठेही ढिलाई नाही. माझ्या समाधानासाठी डाव्या बाजूचे बूश बदलले, शॉकअप नवा टाकला. मामुराबाद रस्त्याच्या खड्ड्यांतून मला दणदण फिरवून आणलं आणि म्हणाला, "शेठ, गाडी सोन्यासारखी आहे. नानांना दाखवा कुणाला तरी."

घरी आलो. गल्लीत वळलो. नाना बाहेर!

असं करता करता हळदीचा दिवस उजाडला. अंगणात मांडव, पाहुण्यांची गर्दी, साक्रीहून हळद घेऊन आलेली व्याह्यांकडची माणसं. मी गाडी सजवायला बाहेर काढली आणि नाना येऊन पुढच्या बंपरसमोर जमिनीवर बसले. मांडी घालून.

"मनी पोर या गाडीमां बसाव नही!"

बहिऱ्या माणसाचा आवाज, सगळ्या गल्लीला ऐकू गेला. नवऱ्याचे काका पुढे झाले. "काय भानगड आहे? मुलगी पाठवायची नाही का तुम्हाला?" बायका कुजबुजायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, आणि वर हेही म्हणालं की असलं घराण्यात असतं. हे शेवटचं वाक्य मला झोंबलं. उद्या लग्न आणि आज हा तमाशा! मी नानांचा दंड धरला, त्यांना उठवायला लागलो. मला रडूच यायचं बाकी होतं.

तेवढ्यात शोभा आली. तोंडाला हळद, हातात हळद, मागून आई ओरडतेय की नवरीने मांडव सोडू नये. ती नानांशेजारी मातीत बसली. त्यांच्याकडे बघून ओठ हलवले, त्यांनी मान हलवली. मग ती मला म्हणाली, "भाऊ, खोल ना गाडी. पुरी खोल. नाना सांगी ऱ्हायनात ना."

बाबूमिस्त्रीला जेवणावरून उठवून आणला. तो शिव्या देतच आला. आणि मग जे झालं ते आमच्या गल्लीतले म्हातारे लोक अजून सांगतात… नाना झोपाळ्यावर, डोळ्यांना उपरणं. बाहेर गाडी जॅकवर. बाबू टामीने एकेक जोड दाबायचा आणि शोभा दारातून सांगायची.

"नही… नही… नही…"

वरचा आर्म. नही. स्टिअरिंगचा रॉड. नही. खालच्या आर्मला चाकाशी जोडणारी पिन…

"वर केला! भाऊ, दोन्ही हात वर केले!"

बाबूची बडबड बंद झाली. त्याने ती पिन काढली. एकदम घट्ट बसलेली, काढताना घाम फुटला. ग्रीस पुसलं, रॉकेलमध्ये धुतली, उन्हात धरली. पिनेभोवती केसासारखी काळी रेघ होती. त्याने ती सोबत आणलेल्या वायसाच्या पकडीत धरली आणि वरून हातोडीचा एक ठोका दिला. बेताचाच.

पिनेचे दोन तुकडे झाले.

नवऱ्याच्या काकांनी ते तुकडे हातात घेऊन पाहिले आणि मुकाट्याने खाली ठेवले. उद्या त्याच चाकावर मी शोभाला आणि जावयांना घेऊन निघणार होतो. गावाबाहेर पडताच बांभोरीचा गिरणेचा पूल लागतो… पुढचं मी लिहीत नाही.

मी नानांकडे धावलो, उपरणं सोडलं, तुकडे त्यांच्या हातात दिले आणि मिठी मारली. सगळी गल्ली टाळ्या वाजवत होती. बाबू तर नानांच्या पाया पडला.

पण त्याच बाबूने नंतर मला बाजूला घेतलं. "शेठ, पिन तडकली होती हे खरं. पण ढिली नव्हती. ढिली नाही तर वाजेल कशी?" मलाही तेच म्हणायचं होतं. तो आवाज कुणालाच ऐकू येण्यासारखा नव्हता, कारण तो आवाज नव्हताच!

नवी पिन बसली. नानांच्या डोळ्यांना पुन्हा उपरणं बांधलं. फळी टाकली. डावं चाक उतरलं. आत झोपाळ्यावर नानांचा हात मांडीवरच राहिला. पुन्हा उतरवलं. हात मांडीवर. मी आनंदाने ओरडतोय, लोक ओरडतायत… आणि उपरण्याखालून नानांच्या गालावर पाणी उतरलेलं शोभाने पाहिलं. तिने उपरणं सोडून विचारलं तर म्हणाले, "चांगलं व्हयनं. आते वाजत नही." मग जरा थांबून हळूच, "रोज वाट देखू मी गाडीनी. तेवढा एकच आवाज व्हता ना मना."

लग्न झालं. शोभाला मी साक्रीला सुखरूप पोचवून आलो. पुढे कानाच्या डॉक्टरांना विचारलं, इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या एका सरांना विचारलं. कुणी हसलं, कुणी विषय बदलला. मेलेल्या नसेला, न वाजणारी पिन कशी ऐकू आली? मला उत्तर मिळालेलं नाही, आणि आता मिळेल असं वाटतही नाही.

शोभा सासरी गेल्यानंतर घर फार गप्प झालं होतं. एका दुपारी मी दुकानात गाडीखाली शिरलो आणि पुढच्या डाव्या बाजूचा एक नट, धोक्याचा नव्हे, मुद्दाम ढिला केला. गाडी खडाखडा वाजायला लागली, रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. तशीच ती गल्लीत आणली आणि खड्ड्यातून तीनतीनदा मागेपुढे केली. नाना ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं आणि वाचत राहिले.