बॉबिनची चार वाजताची फेरी

भिंग चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. सव्वीस वर्षं तेच काम. घासायची, फ्रेममध्ये बसवायची, डोळ्यापाशी धरून खोट शोधायची. माणसांकडेही ती तशीच बघते म्हणून शेजारच्या गाळ्यातल्या शिवणवालीनं तिचं हे नाव पाडलं होतं. भिंगही गप्प बसणारी नव्हती. शिवणवाली बुटकी, गोल, दिवसभर शिलाई मशीनमधल्या रिळासारखी गरगरणारी, म्हणून ती झाली बॉबिन.

भिंगच्या घरी दोन म्हातारी माणसं. बाबांची नजर जवळजवळ गेलेली. "लेक चष्मेवाली, आणि मलाच चष्म्याचा उपयोग नाही," असं ते स्वतःच म्हणायचे. आईची आठवण विरत चाललेली, आणि हात असे थरथरायचे की चमच्यातलं निम्मं अंगावर. भिंग सकाळी जेवण झाकून निघायची ती सातला परतायची. दिवसभर जीव टांगणीला.

एका मंगळवारी बॉबिन मशीनवरच कोसळली. भिंग धावत पोचली तेव्हा मशीनचं चाक अजून फिरत होतं. हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं आटोपलं. भिंगच्या डोळ्यांतून टिपूससुद्धा आलं नाही.

दुसऱ्या दिवशी घरी आली तर बाबांच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण लावलेलं. गुरुवारी उशीचा उसवलेला अभ्रा शिवलेला. टाके बारीक, तिरके, शेवटी दुहेरी गाठ. बॉबिनचा टाका भिंगनं शंभरांत ओळखला असता.

"आई, हे कुणी केलं?"

"तुझ्या मैत्रिणीनं. चार वाजता येते ना ती."

भिंगनं अभ्रा खाली ठेवला. "आई, ती गेली. तुला मंगळवारीच सांगितलं होतं."

आईचा चेहरा असा पडला, जणू पहिल्यांदाच ऐकतेय. जेवायच्या वेळेपर्यंत ती रडत होती. भिंगनं ठरवलं, पुन्हा सांगायचं नाही.

शुक्रवारी ती दुकानातून लवकर निघाली आणि आवाज न करता स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली. चार वाजले. बेल वाजली नाही. तरी आई उठली, तिनं दार उघडलं. बाहेर नुसता जिना.

"ये," आई म्हणाली, आणि कुणी चपला काढायला जेवढा वेळ घेईल तेवढी थांबली. मग खुर्ची ओढून दिली, शेजारी बसली आणि सुईत दोरा ओवला. एका झटक्यात. हात जराही थरथरत नव्हते.

मग आई हसली. घशातून, तुटक तुटक. ते बॉबिनचं हसणं होतं.

"काका, आज दाढी नाही केली?" आईच्या तोंडून आवाजही बॉबिनचाच आला.

"कुणासाठी करू?" बाबा शांतपणे म्हणाले.

"काकू, भिंगला नका सांगू हं. जिना चढला की छातीत कळ येते. कळलं तर पिच्छा सोडायची नाही."

"अगं, डॉक्टरला दाखव." हा आवाज आईचा स्वतःचा.

"दाखवते. हातातलं काम उरकू दे."

भिंगनं दाराची चौकट घट्ट धरली. थोड्या वेळानं ती बाहेर आली. आईनं आधी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बरं झालं आलीस. बसा दोघी."

नंतर बाबांनी सगळं सांगितलं. "वर्षभर येत होती. तू ओशाळशील म्हणून तुला सांगू नका म्हणायची. तुझ्या आईला टाके घालायला तिनंच शिकवलं."

"बाबा, ती नाहीये हे तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय. पण मला दिसत नाही गं, नुसतं ऐकू येतं. ऐकू आलं की बोलतो." मग ते म्हणाले, "बुधवारी मी खुर्ची चाचपली. रिकामी होती. पण बैठक गरम होती."

भिंगनं मालकाला गळ घातली. तो कुरकुरला, पण तिला सकाळी लवकर येऊन तीनला सुटायची मुभा मिळाली. रोज चारला ती त्या दोघांत जाऊन बसू लागली. भीती होती, ती कमी झाली नाही. पण पायही घराकडेच ओढायचे. एकदा धीर करून तिनं त्या आवाजालाच विचारलं, "छातीत कळ येते हे मला का नाही सांगितलंस?"

आईच्या हातातली सुई थांबली. "तुझ्याकडे सांभाळायला आधीच दोघं होती," बॉबिनचा आवाज म्हणाला.

महिने गेले. टाके लांब आणि वाकडे होत गेले. हसणं अर्ध्यातच तुटायला लागलं. मग एक दिवस चारला आईनं दार उघडलं, जिन्याकडे बघितलं आणि दार लावून घेतलं.

"कुणी नाही," ती म्हणाली.

ती बसली. मांडीवर सुईदोरा, हात थरथरत होते. बाबा खुर्चीकडे कान लावून बसले. आणि भिंगला रडू फुटलं, इतके महिने अडलेलं, हुंदके देऊन.

आईनं थरथरता हात तिच्या पाठीवरून फिरवला. "कोण गेलं गं तुझं?"

"माझी मैत्रीण," भिंग म्हणाली.

"कशी होती?"

भिंगनं नाक पुसलं. "बुटकी होती," ती म्हणाली, आणि पहिल्यापासून सांगायला लागली.